बालकर्करोग : गैरसमज, लोकलज्जा आणि वैद्याचे कर्तव्य



कर्करोग म्हटला की तंबाखू, मद्य आणि उतारवय यांचाच विचार प्रथम मनात येतो. बालकांतील कर्करोग हा त्याहून सर्वस्वी भिन्न विषय आहे. त्यात बालकाच्या वा मातेच्या आहारविहाराचा दोष सहसा आढळत नाही. सुमारे दहा टक्के रुग्णांत आनुवंशिक कारण असते, बहुतेकांत टाळता येण्याजोगे कोणतेही कारण सापडत नाही. तरीही आपल्या समाजात या व्याधीभोवती भीती व लज्जेचे दाट आवरण आहे. आजारी बालक प्रथम आपल्याकडे येते, म्हणून या विषयाचा परामर्श आम्ही येथे घेत आहोत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी १९ वर्षांपर्यंतच्या सुमारे ४ लाख मुलामुलींना कर्करोग होतो. संपन्न देशांत त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरे होतात. अल्प व मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. या तफावतीची प्रमुख कारणे म्हणजे उशिरा वा चुकीचे निदान, उपचारांची दुर्लभता आणि मध्येच सोडलेले उपचार. २०३० पर्यंत जगभर किमान ६० टक्के बालके वाचावीत, असे उद्दिष्ट संघटनेने २०१८ मध्ये जाहीर केले. या कारणांपैकी पहिले व शेवटचे यांवर आपला प्रभाव पडू शकतो.

संहितांची दृष्टी

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात अर्बुदाचे सहा प्रकार वर्णिले असून रक्तार्बुद व मांसार्बुद असाध्य मानले आहेत. हे वर्णन त्या काळी उपलब्ध साधनांच्या मर्यादेत यथार्थच होते. मात्र त्याचा आधार घेऊन आजच्या ल्युकेमियाग्रस्त बालकास असाध्य ठरविणे योग्य नव्हे. संहितोक्त रक्तार्बुद व ल्युकेमिया या एकच व्याधी नव्हेत, हेही ध्यानी घ्यावे. बोस्टनचे सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये ल्युकेमियाच्या बालकांत औषधाने तात्पुरता उपशम मिळाल्याचे प्रसिद्ध केले. तेव्हापासून साध्यासाध्यतेची सीमा बरीच पुढे सरकली आहे.

हा पूर्वजन्मीच्या कर्माचा भोग आहे, असेही पालक आपल्याला सांगतात. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात आयुष्य दैव व पुरुषकार या दोहोंवर अवलंबून असल्याचे सांगितले आहे. सर्व काही दैवाधीन असते तर चिकित्साशास्त्राचे प्रयोजनच उरले नसते. हा युक्तिवाद पालकांना त्यांच्या भाषेत सांगितल्यास पटतो, असा आमचा अनुभव आहे.

प्रचलित गैरसमज आणि त्यांचे निराकरण

१. ‘हा रोग लागतो.’ कर्करोग स्पर्शाने, उष्ट्याने वा सहवासाने पसरत नाही. उलट उपचारकाळात बालकाची व्याधिक्षमता घटलेली असल्याने इतरांचा सर्दी-खोकला त्यालाच बाधू शकतो. घरात त्याचे ताट वेगळे ठेवणे वा शाळेत त्याच्याशेजारी मुलांना बसू न देणे यास कोणताही शास्त्राधार नाही.

२. ‘आईचे काहीतरी चुकले.’ ग्रहणात चिरले, डोहाळ्यात भलते खाल्ले, अशी बोलणी मातेला ऐकावी लागतात. हा दोषारोप वैद्याने सर्व कुटुंबीयांसमोर स्पष्टपणे खोडून काढावा. एकट्या मातेला सांगून उपयोग होत नाही.

३. ‘सुई लावली की पसरतो.’ तज्ज्ञाने योग्य पद्धतीने केलेल्या बायोप्सीने रोग वाढत नाही. तिच्याविना रोगाचा प्रकार कळत नाही व उपचारही ठरत नाहीत.

४. ‘बाहेरची बाधा आहे.’ पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या भागांतील कुटुंबे अनेकदा प्रथम भगताकडे जातात. दूरदूरची कुटुंबे विधीसाठी त्र्यंबकेश्वरी येतात. श्रद्धेची हेटाळणी केल्यास रुग्ण पुन्हा आपल्याकडे येत नाही. ‘विधी करा, पण रुग्णालयाची तारीख मोडू नका,’ एवढेच सांगावे. बालकास डागणे किंवा उपाशी ठेवणे असे प्रकार मात्र निक्षून थांबवावेत.

५. ‘केस आले, वजन वाढले, पोर बरे झाले.’ हा सर्वांत घातक गैरसमज होय. लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचे उपचार दोन वर्षांहून अधिक काळ चालतात. पहिल्या काही महिन्यांत बालक ठणठणीत दिसते. रोगपेशी मात्र पूर्णतः नष्ट झालेल्या नसतात. या टप्प्यावर उपचार सोडल्यास रोग उलटतो व दुसऱ्या वेळी तो अधिक दुश्चिकित्स्य होतो.

६. ‘मुलीचे लग्न कसे जमणार?’ या भयाने निदान लपविले जाते. भारतातील कर्करोग रुग्णालयांत उपचारांसाठी येणाऱ्या बालकांत मुलींचे प्रमाण मुलांपेक्षा बरेच कमी आढळते व केवळ रोगाच्या स्वरूपाने त्याचा उलगडा होत नाही. मुलगी तपासणीस आली असता तिचा पाठपुरावा अधिक कसोशीने करावा.

संशय केव्हा घ्यावा?

काश्यपसंहितेच्या वेदनाध्यायात, बोलू न शकणाऱ्या बालकाची वेदना त्याच्या हालचालींवरून कशी ओळखावी, हे सांगितले आहे. तीच दृष्टी येथे हवी. पुढील लक्षणे आढळल्यास विलंब करू नये :

• वाढता पांडुपणा, कारणाविना त्वचेवर निळे डाग, हिरड्यांतून रक्त, दीर्घकाळचा ज्वर, रात्री झोपमोड करणारी अस्थिवेदना.
• न दुखणारी व वाढत जाणारी गाठ.
• पोटात लागणारा गोळा. असे पोट वारंवार दाबू नये; त्यावर अभ्यंग वा मर्दन करू नये.
• सकाळची डोकेदुखी व उलटी, तोल जाणे, नव्याने आलेला तिरळेपणा.
• बाहुलीत पांढरी चमक. ती पुष्कळदा फ्लॅशच्या छायाचित्रात प्रथम दिसते.

हे शेवटचे लक्षण रेटिनोब्लास्टोमाचे असू शकते. दिग्दर्शक संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ या २००४ सालच्या मराठी चित्रपटात कोकणातील एका बालकाची हीच व्याधी दाखविली आहे. प्राण वाचविण्यासाठी त्याची दृष्टी गमवावी लागते आणि हे नातवाला सांगावे कसे, या यातनेत आजोबा सापडतात. वेळीच निदान झाल्यास या रोगात प्राण व पुष्कळदा डोळाही वाचविता येतो.

सांधे दुखतात म्हणून रक्ततपासणीपूर्वी स्टिरॉइड देणे सर्वथा टाळावे. त्याने ल्युकेमियाची लक्षणे काही काळ दबतात व निदान लांबते.

उपचारकाळात वैद्याची मर्यादा

चरकाचार्यांनी शस्त्रसाध्य अवस्थेत धान्वंतरीय संप्रदायाचा अधिकार मान्य केला आहे. ज्याचा अधिकार त्याच्याकडे रुग्ण पाठविणे यात कमीपणा नाही. केमोथेरपी चालू असताना कोणतेही क्वाथ, भस्म वा रसकल्प कर्करोगतज्ज्ञांच्या संमतीविना देऊ नयेत. यकृतावरील भार वाढून मूळ औषधांची क्रिया बिघडू शकते. श्वेतपेशी वा प्लेटलेट कमी असताना बस्ती, रक्तमोक्षण वा स्नायूंत इंजेक्शन वर्ज्य समजावे. या बालकास ज्वर येणे ही तातडीची अवस्था आहे. ज्वरघ्न औषध देऊन वाट न पाहता त्यास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. ताजा व शिजवलेला पथ्यकर आहार, मुखाची स्वच्छता, कुटुंबास धीर आणि सत्त्वावजय हे आपले खरे क्षेत्र आहे.

औषधी विक्रेत्यांनीही दक्षता घ्यावी. कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादुई उपाय अधिनियमानुसार निषिद्ध आहे. असे फलक व पत्रके दुकानात लावू देऊ नयेत. पालकांनी ‘याऐवजी दुसरे काही द्या’ म्हटल्यास त्यांना उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडेच पाठवावे.

आधार कोठे मिळेल?

खर्चाच्या भीतीने अनेक कुटुंबे निदानानंतर घरी परततात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. मुंबईत परळ येथे १९४१ पासून टाटा स्मारक रुग्णालय कार्यरत आहे. निवासासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, तसेच २००६ मध्ये सुरू झालेली सेंट जूड संस्थेची केंद्रे बालरुग्णांच्या कुटुंबांना आसरा देतात. २०१३ मध्ये पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांत आपलेच पदवीधर बंधू-भगिनी अंगणवाड्या व शाळांतून बालकांची तपासणी करतात. त्यांनी वरील लक्षणांची यादी सदैव सोबत ठेवावी.

प्रत्येक सदस्याने आपल्या दवाखान्यात एक नोंदवही ठेवावी, अशी आमची सूचना आहे. संशयित बालक कोठे पाठविले, ते तेथे पोहोचले काय, पुढील तारीख कोणती, एवढ्याच नोंदी कराव्यात. तारीख चुकल्यास वैद्याने स्वतः दूरध्वनी करावा. घरच्या वैद्याने विचारपूस केली की कुटुंबाचा संकोच गळतो व सुटलेला उपचार पुन्हा सुरू होऊ शकतो. एवढे केले तरी या जिल्ह्यातील काही बालके निश्चित वाचतील.

इति शम्।