लिपिकाची चूक आणि प्रमुखाचे उत्तरदायित्व

प्रश्न : लिपिकाच्या हलगर्जीमुळे दाखला मुदतीत निघाला नाही, तर कार्यालयप्रमुखाने दोष स्वतःकडे घ्यावा काय? (एक वाचक, पातूर)

उत्तर : महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 ने या प्रश्नाचा कायदेशीर भाग बराचसा निकाली काढला आहे. अधिसूचित सेवेसाठी, म्हणजे शासनाने मुदत ठरवून जाहीर केलेल्या सेवेसाठी, एक पदनिर्देशित अधिकारी, म्हणजे आपल्या पदामुळे ती सेवा देण्यास बांधलेला अधिकारी, नेमला जातो. आणि पुरेशा कारणाशिवाय सेवा नाकारली किंवा लांबवली, तर 500 ते 5000 रुपयांचा दंड त्याच्यावर बसू शकतो.

नेतृत्वाचा प्रश्न मात्र दंडापाशी संपत नाही. आलेगावहून रोजमजुरी बुडवून पातूरच्या तहसीलपर्यंत आलेल्या अर्जदाराला कागद कोणत्या टेबलावर अडकला याच्याशी कर्तव्य नसते. त्याच्यासमोर लिपिकाकडे बोट दाखवणारा प्रमुख आपले पदच नाकारत असतो. त्याने विलंब स्वतःचा म्हणून मान्य करावा, दाखल्याची नवी तारीख द्यावी, आणि लिपिकाला जे विचारायचे ते नंतर, एकांतात विचारावे. जून महिन्यात शाळाप्रवेशामुळे उत्पन्नाच्या व जातीच्या दाखल्यांचे अर्ज वाढतात, हे दरवर्षी ठाऊक असूनही कामाची वाटणी तशीच ठेवली गेली असेल, तर मूळ चूक लिपिकाची नव्हेच. लाचेसाठी मुद्दाम अडवलेला कागद ही वेगळी बाब आहे. तेथे दोष अंगावर घेणे म्हणजे गुन्हा झाकणे होय, आणि तक्रार वर पाठवणे हेच प्रमुखाचे कर्तव्य ठरते.