जोर कुठे द्यायचा?

मी कॉन्व्हेंटची, म्हणून माझं मराठी कच्चं. या लेखाचं शुद्धलेखन माझ्या रूममेटने तपासलंय. ती दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती. मागच्या सेमिनारला ती ‘थर-मो-मी-टर’ म्हणाली आणि वर्ग हसला. मीसुद्धा. रात्री तिने विचारलं, “मग बरोबर काय ते सांग ना!”

“थर-मॉ-मिटर.”

“का?”

मला सांगता येईना. मी फक्त ऐकून शिकले होते. मग आम्ही दोघी लायब्ररीतली डिक्शनरी घेऊन बसलो.

आधी तुकडे पाडा. अक्षरं नाही, तोंडातले स्वर मोजा. ‘स्ट्रेंथ’च्या स्पेलिंगमध्ये आठ अक्षरं, पण स्वर एकच, म्हणून तुकडाही एकच. ‘मशीन’ची सात अक्षरं, तुकडे दोन, कारण शेवटचा ‘ई’ मुका. हनुवटीखाली हात धरून बोला, साधारण प्रत्येक तुकड्याला हनुवटी खाली येते.

मग जोर. मराठीत आपण सगळी अक्षरं जवळजवळ सारख्या वजनाने बोलतो. इंग्लिशमध्ये एक तुकडा ठळक आणि जरा लांब, बाकीचे बरेचदा पुसट. जोर कुठे, ते शब्दाचं शेपूट सांगतं:

१. शेवटी ‘शन’, ‘इक’ किंवा ‘इटी’ असेल, तर जोर त्याच्या लगेच आधी. स्पे-सि-फि-के-शन मध्ये ‘के’वर. इ-लेक-ट्रिक मध्ये ‘लेक’वर, पण इ-लेक-ट्रि-सि-टी मध्ये ‘ट्रि’वर. शेपूट बदललं की जोर सरकतो.

२. शेवटी ‘लॉजी’ किंवा ‘ग्राफी’ असेल, तर त्यातल्या ‘लॉजी’च्या ‘लॉ’वर नाही, शेवटून तिसऱ्या तुकड्यावर: टेक-नॉ-ल-जी मध्ये ‘नॉ’, फ-टॉ-ग्र-फी मध्ये ‘टॉ’.

३. यंत्राच्या नावात ‘मीटर’च्या आधी ‘ओ’ असेल, तर जोर त्या ‘ओ’वर: थर-मॉ-मिटर, ब-रॉ-मिटर. ‘मिलिमीटर’ हे माप आहे, तिथे जोर पहिल्या ‘मि’वर.

अपवाद आहेतच. ‘अरिथमेटिक’ म्हणजे अंकगणित, त्यात जोर ‘रिथ’वर. शंका आली की डिक्शनरी उघडा. उच्चारात जोराच्या तुकड्याआधी वरच्या बाजूला छोटी उभी रेघ असते.

या सेमिस्टरला तिच्या सेमिनारमध्ये थर्मोमीटर सहा वेळा आला. कोणी हसलं नाही. उलट सरांनी विषयावरचे प्रश्न विचारले आणि तिने सगळ्यांची उत्तरं दिली. विषय तिला तेव्हाही येत होताच, आम्हीच ऐकला नव्हता. माझ्या हसण्याबद्दल सॉरी, इथे छापून.

आता तुम्ही सांगा: ‘युनिव्हर्सिटी’त जोर कुठे?