जुनी उपसाधने आणि लिनक्स कार्यप्रणाली

वडोदरा शहराच्या जुन्या कोटाच्या मध्यभागी मांडवीची चौमुखी वास्तू उभी आहे. लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चार दरवाजांकडून येणारे रस्ते तेथे एकत्र मिळतात. याच मांडवी परिसरात महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी स्थापन केलेले मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १९१० साली महाराजांनी अमेरिकेतील ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना पाचारण करून संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांची घडी बसविली. मराठी व गुजराती ग्रंथ पेट्यांत भरून खेडोपाडी धाडण्याची व्यवस्थाही त्या काळात झाली. ज्ञान कुलूपबंद न राहता सर्वांच्या हाती पोहोचावे, हा त्यामागील हेतू होता. हाच विचार संगणकाच्या क्षेत्रात लागू केल्यास काय घडते, याचे बोधप्रद उदाहरण प्रिंटर, स्कॅनर यांसारख्या उपसाधनांच्या बाबतीत पाहावयास मिळते.

प्रश्नाचे स्वरूप

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या कार्यप्रणालीचा सर्वसाधारण आधार संपुष्टात आला. शाळा, ग्रामपंचायती, पतसंस्था व लहान कार्यालये यांतील अनेक जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. संगणक नवा घेतला तरी अडचण संपत नाही. दहा-पंधरा वर्षे विनातक्रार चाललेला स्कॅनर नव्या संगणकास जोडला की तो ओळखलाच जात नाही. यंत्र सुस्थितीत असते, पण निरुपयोगी ठरते. हा भुर्दंड अखेर संस्थेच्या म्हणजेच जनतेच्या पैशावर पडतो.

असे का घडते?

कोणत्याही उपसाधनास संगणकाशी बोलण्यासाठी एक दुभाषा लागतो. त्यास ड्रायव्हर असे म्हणतात. विंडोजमध्ये हा दुभाषा बहुधा यंत्राचा उत्पादक तयार करतो व त्याची मूळ आज्ञावली स्वतःजवळ ठेवतो. कार्यप्रणाली बदलली की दुभाषाही नव्याने घडवावा लागतो. जुने यंत्र विकून झाल्यावर त्यासाठी खर्च करण्यात उत्पादकास स्वारस्य उरत नाही. ३२ बिटांचा ड्रायव्हर ६४ बिटांच्या विंडोजमध्ये चालत नाही, आणि २०२१ साली आलेले विंडोज ११ केवळ ६४ बिटांचेच आहे. त्यामुळे जुन्या यंत्रांची एक मोठी पिढी एकदम बाहेर पडली.

लिनक्सची रीत निराळी आहे. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा आरंभ केला. तिची आज्ञावली सर्वांस खुली आहे व बहुसंख्य ड्रायव्हर तिच्या गाभ्यातच समाविष्ट असतात. गाभ्यात बदल करणाऱ्यानेच त्या बदलाने बाधित होणारे ड्रायव्हर दुरुस्त करावयाचे, असा तेथील शिरस्ता आहे. उत्पादकाने पाठ फिरविली तरी यंत्र वापरणारा कोणी जाणकार ते काम पुढे चालवू शकतो.

या चळवळीच्या मुळाशीही एक प्रिंटरच होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी संस्थेत रिचर्ड स्टॉलमन यांना नव्या लेसर प्रिंटरची आज्ञावली मिळू शकली नाही. कागद अडकल्याची सूचना वापरणाऱ्यांना देण्याची जी सोय त्यांनी जुन्या प्रिंटरसाठी केली होती, ती नव्यासाठी करता आली नाही. पुढे १९८३ साली त्यांनी मुक्त आज्ञावलीचा ग्नू प्रकल्प जाहीर केला.

काही उदाहरणे

कॅनन कंपनीचे लाइड २० व लाइड ३० हे पातळ स्कॅनर एके काळी बरेच वापरात होते. लिनक्समधील 'सेन' या स्कॅनर-व्यवस्थेत ते आजही चालतात.

वजनकाटे व मोजमापाची अनेक जुनी साधने सिरियल तारेने जोडली जातात. नव्या संगणकास ती जोडण्यासाठी यूएसबी रूपांतरक वापरतात. अशा रूपांतरकांतील पीएल २३०३ जातीच्या काही जुन्या चिपांना विंडोजच्या नव्या ड्रायव्हरने नाकारले. लिनक्समध्ये मात्र त्या चालत राहिल्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये तर एफटीडीआय कंपनीच्या ड्रायव्हरने नकली चिपांचा ओळख-क्रमांकच पुसून टाकला. विंडोजच्या स्वयंचलित अद्ययावतीकरणातून तो ड्रायव्हर घरोघरी पोहोचला होता. आपल्या यंत्रात नकली चिप आहे, याची ग्राहकांना कल्पनाही नव्हती.

दुसरी बाजू

लिनक्सवर सर्व काही चालते, असा समज मात्र करून घेऊ नये. आपल्याकडील कार्यालयांत सर्रास दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० हा प्रिंटर लिनक्सवर चालविणे जिकिरीचे आहे. एचपीच्या लेसरजेट १०२० साठी कंपनीची जादा पुरवणी उतरवून घ्यावी लागते. बोटांचे ठसे घेणारी यंत्रे व डिजिटल स्वाक्षरीची टोकने यांबाबत पुरवठादाराकडून आधी खात्री करून घेणे इष्ट. श्री-लिपीसारख्या जुन्या मराठी टंकांतील दस्तऐवज युनिकोडमध्ये रूपांतरित करून ठेवावेत, अन्यथा कार्यप्रणाली बदलताच ते वाचणे कठीण होईल.

काय करावे?

जुने उपसाधन मोडीत काढण्यापूर्वी पुढील क्रम अनुसरावा.

१. किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्सची प्रत तयार करावी. सी-डॅक संस्थेने विकसित केलेली 'बॉस' ही भारतीय लिनक्स प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे.

२. संगणक पेनड्राइव्हवरून सुरू करावा. प्रणाली स्थापित न करताही ती चालवून पाहता येते व मूळ माहितीस धक्का लागत नाही. 'स्थापना करा' हा पर्याय या वेळी निवडू नये.

३. प्रिंटर व स्कॅनर जोडून प्रत्येकी एक पान काढून पाहावे. छपाईचा दर्जा, कागदाचा आकार व देवनागरी अक्षरे तपासावीत.

४. समाधान झाल्यावर सर्व माहितीची दुसरी प्रत काढून मगच एका संगणकावर प्रणाली बसवावी. महिनाभर अनुभव घेऊन पुढील निर्णय करावा.

५. नवा प्रिंटर घेताना तो ड्रायव्हरविना छापणारा, म्हणजे आयपीपी पद्धतीचा आहे काय, हे निविदेतच विचारावे. असा प्रिंटर दोन्ही प्रणालींवर चालतो.

केंद्र शासनाने २०१५ साली मुक्त आज्ञावलीच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले आहे. केरळ राज्यातील शाळांनी संगणक-शिक्षणासाठी लिनक्सचा अंगीकार करून बराच काळ लोटला. शिक्षकांनी हा प्रयोग विद्यार्थ्यांसमोर केल्यास संगणक आतून कसा चालतो, याचा पाठही आपोआप दिला जाईल. चालते यंत्र केवळ दुभाषा नाही म्हणून भंगारात जाऊ नये, एवढी दक्षता प्रत्येक कार्यालयास घेता येण्यासारखी आहे.