सोने शोधणाऱ्या यंत्राची निगा

ऑस्ट्रेलिया देशात व्हिक्टोरिया नावाचे राज्य आहे. तेथे १८५१ साली सोने सापडले. देशोदेशीची माणसे कुदळ-फावडे घेऊन तिकडे धावली. त्या जमिनीत अजूनही थोडे सोने आहे. हौशी माणसे सरकारी परवाना काढतात आणि यंत्र घेऊन ते शोधत हिंडतात. १९८० साली किंगोवर गावाजवळ एका माणसाला अशाच यंत्राने सत्तावीस किलोचे सोन्याचे ढेकूळ सापडले!

या यंत्राला मेटल डिटेक्टर म्हणतात. मोठ्या देवळाच्या दाराशी पोलिसांच्या हातात त्याचा धाकटा भाऊ तुम्ही पाहिला असेल.

हे यंत्र चालते कसे? लांब दांड्याच्या टोकाला एक चपटी चकती असते. तिच्यात तारेचे वेढे असतात. वेढ्यांतून वीज खेळते. जमिनीखाली धातू असला की वेढ्यांना त्याची चाहूल लागते आणि माणसाच्या कानात आवाज येतो. सोन्याचा खडा बारीक, तर आवाजही बारीक. म्हणून यंत्र स्वच्छ हवे. मळलेले यंत्र खोटे बोलते. मग माणूस दिवसभर फुकट खड्डे खणतो. नाहीतर सोन्यावरून चालत जातो, आणि त्याला पत्ताही लागत नाही!

तेव्हा रानातून आल्यावर, पाठ टेकण्याआधी काय करावे, ते आम्ही क्रमाने सांगतो.

पहिले काम चकतीचे. दगडांवर घासून चकती झिजू नये म्हणून तिला खालून प्लॅस्टिकचे झाकण असते. त्या फटीत माती शिरते. तिकडच्या तांबड्या मातीत लोखंडाचा अंश फार. ती अडकली की यंत्र उगाच कुरकुरते. झाकण काढावे, माती झटकावी, ओल्या फडक्याने पुसावे. रॉकेल-पेट्रोल लावू नये. त्याने प्लॅस्टिक खराब होते.

दुसरे दांड्याचे. दांडा एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा असतो. रेती गेली की नळ्या अडतात. त्या सुट्या करून धुवाव्यात आणि वाळवाव्यात. तेल मात्र देऊ नये. गाडीच्या चाकाला वंगण हवे, हे खरे. पण इथे तेलाला रेती चिकटते आणि नळ्या जास्तच अडतात.

तिसरे वायरीचे. ती कुठे सोलली आहे का, ते पाहावे. लोंबती वायर हलली तरी खोटा आवाज येतो. म्हणून ती दांड्याला नीट गुंडाळावी. ओढून ताणू नये.

चौथे पेटीचे. पेटी म्हणजे यंत्राचा मेंदू. तिच्यावर पाणी ओतू नये. पिळलेल्या फडक्याने पुसावी. बिघाड वाटला तर आपण उघडू नये, जाणत्या कारागिराकडे न्यावी.

मग यंत्र जोडावे. जमिनीवर एक नाणे ठेवून चकती वरून फिरवावी. स्वच्छ आवाज आला, म्हणजे काम झाले.

शेवटी सेल काढून ठेवावे. घरातल्या बॅटरीत सेल महिनोन्‌महिने तसेच राहिले तर काय होते? सेल गळतो, पत्रा गंजतो, चांगली बॅटरी वाया जाते. महागड्या यंत्राचीही तीच गत. चार्ज होणारी बॅटरी असेल तर ती उन्हात तापलेल्या मोटारीत ठेवू नये. बरेच दिवस वापरायची नसेल तर अर्धी भरून गार जागी ठेवावी.

एवढे सगळे करायला फार वेळ लागत नाही. आपला फवारणीचा पंपही असाच आहे. संध्याकाळी तो धुतला नाही, तर ऐन कामाच्या दिवशी तोटी तुंबते. हत्यार त्याच दिवशी साफ केले, तर ते पुढच्या वेळी दगा देत नाही.

सांगा पाहू :
१. चकतीच्या झाकणात माती राहिली तर काय होते?
२. दांड्याला तेल का देऊ नये?
३. तुमच्या घरातले कोणते हत्यार काम संपताच साफ करावे लागते?