खाडीपलीकडचं अयुथ्या

प्रश्न : थायलंडमधलं अयुथ्या पाहून आलो. नदीकाठची ती भग्न राजधानी मनातून जात नाही. भाईंदरहून एका दिवसात होईल असं काही आहे का? सोबत आई आहे. (एक वाचक, भाईंदर पश्चिम)

उत्तर : आहे, खाडीच्या पलीकडेच. भाईंदरच्या जेट्टीवरून रो-रो बोटीने वसई किल्ल्यापाशी उतरा. आईंना रेल्वेपुलाचे जिने चढायला नकोत, आणि वाटेत कांदळवन डोळाभर बघता येतं. अयुथ्या १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने उद्ध्वस्त केलं. वसई त्याआधी, १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून जिंकली. इथल्या चर्चमधल्या घंटा मग मेणवली, भीमाशंकरच्या देवळांत गेल्या. सेंट जोसेफ चर्चपाशी मात्र घाई करू नका. छत उरलेलं नाही, भिंतींवर झाडांची मुळं उतरली आहेत, आणि दगडावर हात ठेवला की दुपारीही गार लागतो. तिथून नागेश्वराचं देऊळ, मग किल्लाबंदरचा कोळीवाडा. सुकत घातलेल्या बोंबलांचा वास वाऱ्यावर आधीच येईल.

भरतीची वेळ बघून निघा, पाणी भरपूर सोबत घ्या. आत सावली आहे, दुकानं फारशी नाहीत. पावसाळ्यात दगड निसरडे होतात, तेव्हा आईंना नेऊ नका. डिसेंबरची सकाळ उत्तम.