पिकअपचा बल्ब

रात्री भाजी भरून आपण बाजाराला निघतो. दिवा मंद वाटतो. दुकानदार म्हणतो, "१०० वॅटचा टाका, लख्ख पडेल!" घाई नको. आधी जुन्या बल्बवरचे आकडे वाचू. आता वाचता येते ना! पुष्कळ पिकअपना एच-४ बल्ब असतो. त्यावर १२ व्होल्ट, ६०/५५ वॅट असे लिहिलेले असते. ६० अप्परचे, ५५ डिपरचे. तेच आकडे पाहून नवा घेऊ. १०० वॅटने वायर तापते, होल्डर वितळतो. समोरच्या सायकलवाल्याचे डोळे दिपतात. त्याला खड्डाही दिसत नाही, आणि तो बहुधा आपल्याच गावचा असतो. बसवताना बल्बच्या काचेला बोट लावू नये. बोटाचे तेल लागले की काच तिथे जास्त तापते. बल्ब लवकर जातो. मात्र दुकानात जाण्याआधी दिव्याची बाहेरची काच पुसून पाहू. कित्येकदा धुळीनेच उजेड अडलेला असतो.