विजेची बेगमी

बंगळुरूत माझं काम एकच. पाण्यात वीज सोडायची, हायड्रोजन वेगळा करायचा आणि इलेक्ट्रोलायझरनं त्यासाठी किती वीज खाल्ली ते मोजायचं. हायड्रोजनच्या रूपात वीज साठवण्याच्या या मार्गावर माझा जीव आहे, म्हणून त्यानं जे शिकवलं ते लिहून ठेवते.

१. पाणी फोडणं सोपं, उष्णता आवरणं अवघड. पुस्तकी हिशेबात पाण्याचा रेणू तोडायला १.२३ व्होल्ट पुरतात. प्रत्यक्षात गॅस भराभर हवा असेल तर प्रत्येक सेलला १.८ ते २ व्होल्ट द्यावे लागतात आणि वरच्या विजेतली बरीच नुसती उष्णता होऊन जाते. शाळेत नळ्यांतले बुडबुडे बघताना हे कुठे कळतं! आता माझा दिवस हायड्रोजनपेक्षा तापमानाच्या मागे जास्त जातो.

२. परतीचा हिशेब आधी मनाला लागतो. एक किलो हायड्रोजन करायला साधारण ५० ते ५५ युनिट वीज लागते. त्या किलोत वापरण्याजोगी ऊर्जा उरते सुमारे ३३ युनिट. फ्युएल सेलमधून तिची पुन्हा वीज केली की हाती येतात जेमतेम सोळा-सतरा, आणि यात कॉम्प्रेसरनं घेतलेली वीज धरलेलीच नाही. म्हणजे शंभरातले तीसेक परत. लिथियम बॅटरी ८५च्या आसपास देते. आपल्या घाटघरला पाणी वर चढवून पुन्हा खाली सोडतात, अशा प्रकल्पांतूनही पाऊण भाग परत येतो. आकडे पहिल्यांदा नीट मांडले तेव्हा मी बराच वेळ गप्प होते. मग ध्यानात आलं, की प्रश्न किती वेळ साठवायचं हा आहे. आज दुपारची वीज आज रात्री हवी असेल तर हायड्रोजनकडे वळूच नये. पण कर्नाटकात पवनचक्क्या जोरात फिरतात त्या पावसाळ्यात, आणि विजेची ओढाताण होते ती मार्च-एप्रिलमध्ये, शेतीपंप आणि एसी एकदम चालू असताना. श्रावणातला वारा चैत्रापर्यंत राखायचा तर बॅटऱ्यांचा खर्च कुणालाच झेपणार नाही. आजी पापड-कुरडयांची बेगमी उन्हाळ्यात करायची ती पावसाळ्यासाठी, संध्याकाळच्या जेवणासाठी नव्हे, हेही तसंच.

३. आपण नवं काही करत नाही, हे कळल्यावर मला आनंदच झाला. १९२३ साली केंब्रिजमधल्या व्याख्यानात जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी पवनचक्क्यांची जास्तीची वीज वापरून पाणी फोडावं, वायू द्रवरूप करून जमिनीखाली साठवावेत, असं सांगून ठेवलं होतं. हेच हॉल्डेन पुढे भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. आणि आपण तर पंजाबात नांगलला हे मोठ्या प्रमाणावर केलंसुद्धा! भाक्राच्या विजेवर पाणी फोडून १९६० च्या दशकात तिथे खतासाठी अमोनिया आणि अणुभट्ट्यांसाठी जड पाणी तयार होत होतं. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी वाटते, की त्या हायड्रोजनची पुन्हा वीज करायचा हट्ट कुणी धरला नव्हता. त्याचं थेट खत झालं. तीस टक्क्यांचा प्रश्न तिथे उद्भवतच नाही.

४. पाण्याची भीती मोजून बघावी. २०२४ च्या उन्हाळ्यात बोअरवेल आटल्या, टँकरसाठी सोसायट्या ताटकळल्या. अशा शहरात पाणी फोडायचं, हे मला खात होतं. एक किलो हायड्रोजनला ९ लिटर पाणी लागतं. शुद्धीकरण आणि कूलिंग धरलं तर त्याच्या दोन-तीन पट. कावेरीचं पाणी इथे सुमारे १०० किलोमीटरवरून, अर्धा किलोमीटर उंच चढवून आणतात. तरीही ९ लिटर वर चढवायला एक दशांश युनिटही लागत नाही, आणि फोडायला पन्नास! मग चिंता उरते ती शुद्धतेची. पाण्यात लोह-कॅल्शियमचा अंश राहिला तरी इलेक्ट्रोलायझरमधलं मेंब्रेन हळूहळू निकामी होतं.

५. न दिसणाऱ्या गोष्टीशी वागायची शिस्त असते. हायड्रोजनला वास नाही, रंग नाही, आणि दिवसाउजेडी त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही. हवेत ४ पासून ७५ टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात तो पेट घेतो. हलका असल्यानं वर जातो, म्हणून आमचे सेन्सर छताला आणि छताला मोकळ्या वाटा. आता कुठल्याही खोलीत शिरले की माझी नजर आधी वर जाते.

६. ‘फुकटची जादा वीज’ फुकट नसते. दुपारच्या उरलेल्या उन्हावरच यंत्र चालवलं, तर महागडा स्टॅक, म्हणजे सेलांची चळत, उरलेला दिवसभर नुसता बसून राहतो आणि प्रत्येक किलोवर त्याचा भार चढतो. आमच्या पीईएम (प्रोटॉन एक्स्चेंज मेंब्रेन) स्टॅकमध्ये इरिडियम लागतं, ते जगातच थोडं आहे. चिकबळ्ळापूरला २०२१ मध्ये ओमियमचा इलेक्ट्रोलायझर कारखाना सुरू झाला, म्हणजे यंत्रं इथे बनू लागली आहेत. वीज कुठून आणायची, हा हिशेब मात्र छाती दडपवणारा आहे. २०२३ च्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशननं २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य ठेवलं. किलोला पन्नास युनिट धरले तर हे झाले २५,००० कोटी युनिट. तुमकूर जिल्ह्यातलं पावगड सोलर पार्क २,०५० मेगावॉटचं, शेतकऱ्यांकडून भाड्यानं घेतलेल्या सुमारे १३,००० एकरांवर पसरलेलं. माझ्या हिशेबानं अशी पन्नासहून जास्त पार्क लागतील.

७. गावाकडचे काका विचारतात, ‘आपल्या विहिरीवर बसेल का गं हे?’ मी नाही म्हणते. काका, सोलर पंप लावा, दुपारी पाणी काढून शेततळ्यात ठेवा. तिथे साठवायचं ते पाणीच. पण तुमच्या डीएपीच्या पोत्यातला नत्र अमोनियातून येतो, अमोनियाला हायड्रोजन लागतो आणि तो आज नैसर्गिक वायूतून काढतात. तिथे आमचं काम पोचेल. ‘मग पोतं स्वस्त होणार?’ आज तरी नाही, काका. विजेचा दर आणि स्टॅकची किंमत दोन्ही उतरायला हवेत. दुसरी गोष्ट माझ्या टेबलावर आहे.